या खेपेला काही खरं नाही

आपला संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला, की पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात सुतकी चेहरा करायची पद्धत आहे. "पाचीच्या पाची कसोट्या हरनार," असं जो सगळ्यांत जोरात म्हणेल, तो खरा चाहता. संघ जिंकेल असं बोलून दाखवलं की नाट लागते, यावर गावाचं एकमत. मागे गावचा एक जावई पारावर बसून "या वेळी आपणच मारणार" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा निवायच्या आत आपले फलंदाज तंबूत परतले. तो जावई पुढच्या दिवाळीला आला नाही. सासऱ्यानेच नको म्हणून कळवलं होतं म्हणे.

या पंथाचे महंत म्हणजे माझे वडील, अण्णा. "सलामीवीर नुसता शोभेचा, गोलंदाज निम्मे लंगडे. काय खरं न्हाई या खेपेला," असं म्हणत ते पहाटे पाचला टीव्ही लावत आणि आपली विकेट पडली की न्याहारी सोडत. मी लहानपणापासून मुद्दाम त्यांच्यासमोर "आपणच जिंकणार" म्हणायचे आणि भिरकावलेली चप्पल चुकवत पळायचे. अण्णांवर माझा राग होता, तोही जुना. माझ्या दहावीच्या निकालाआधी त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं होतं, "आमची पोरगी नापास हुनार." मला पहिला वर्ग मिळाला, तरी ते वाक्य मी विसरले नाही.

यंदाच्या दौऱ्याआधी मात्र पेच अण्णांच्याच डोळ्याचा होता. उजवा डोळा तरुणपणी ऊस तोडताना पातं लागून गेलेला. उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू पिकला. टीव्हीला नाक लावून बसले तरी चेंडू दिसेना. कोण आउट झालं हे ते समालोचकाच्या आवाजावरून ओळखत. पहिली कसोटी तीन आठवड्यांवर आलेली. ऑपरेशन बिघडलं तर पुढचं सगळं अंधारात, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

मी नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करते. तिथे सुपरवायझरच्या जागेसाठी माझी मुलाखत ठरली होती, पण ते मी अण्णांना सांगितलं नव्हतं. पुन्हा गावभर दवंडी नको होती. रजा टाकली आणि त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. हिरवा झगा घालून अण्णा शहाण्यासारखे पलंगावर बसले. तेवढ्यात तरुण डॉक्टर आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, अजिबात काळजी करू नका. एकदम मस्त होणार. पहिल्या कसोटीचा पहिला चेंडू तुम्ही बघणार!"

अण्णा पलंगावरून उतरले आणि चपला शोधू लागले.

"नाट लावली ह्यानं," ते मला म्हणाले. "चल घरी."

डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. म्हणून त्यांनी "एकदम मस्त होणार" हे पुन्हा, ओरडून सांगितलं. अण्णा दारापर्यंत पोचले. झग्याच्या नाड्या सुटलेल्या, आणि त्या बांधायला नर्स मागे धावतेय. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "साहेब, 'काही खरं नाही' एवढंच म्हणा, येतील ते."

"ताई, पेशंटला असं कसं सांगू मी?" ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं.

उरले मी. जाऊन अण्णांपुढे उभी राहिले. एरवी त्यांच्याशी भांडताना तोंडाचा पट्टा थांबत नाही माझा, आणि आता तीन शब्दांना जीभ उचलेना. खरंच तसं झालं तर? आपल्या माणसाबद्दल इतकं वाईट बोलायला छाती लागते. माझ्या निकालाआधी गावभर तेच सांगत हिंडताना त्यांना किती जड गेलं असेल, ते मला तिथे कळलं. आणि मी मूर्ख, इतकी वर्षं राग धरून बसले होते. रडू येत होतं. ते गिळून मी खेकसले,

"अण्णा, काय खरं न्हाई तुमच्या डोळ्याचं. काय बी दिसनार न्हाई तुमाला. मॅच तर लांबच!"

त्यांचा चेहरा खुलला. "व्हय ना? आता कसं बोललीस!" म्हणत ते आपणहून आत गेले, नर्सच्याही पुढे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. अण्णांनी आधी खिडकी पाहिली, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग मला. केस किती पांढरे झाले म्हणून मला रागावले. कित्येक महिन्यांनी ते मला नीट बघत होते. मग मीच मुलाखतीचं सांगून टाकलं. वीस पुरुष आहेत, म्हटलं, आणि बाई मी एकटी.

 अण्णांनी माझा हात घट्ट धरला.

"तुला घेनार न्हाईत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला. "काय खरं न्हाई तुझं, पोरी."

माझ्या बाजूने इतकं जीव तोडून आजवर कोणी बोललं नव्हतं.