नातीचं अडलेलं नाव

गुंतवणूक कंपनीत नव्या ईटीएफना नावं शोधून द्यायची, हे आजोबांचं काम. ईटीएफ म्हणजे अनेक शेअर्सची टोपली, पण एकाच शेअरसारखी बाजारात घेता-विकता येणारी. पूर्वी अशी एखादी टोपली यायची आणि आजोबा खिडकीशी बसून निवांत नाव शोधायचे. आता टोपल्यांची रीघ लागली होती. इकडे लेकीची मुलगी बाळसं धरू लागली तरी बिननावाचीच. नाव ठेवायचा मान लेकीने बाबांना दिलेला आणि बाबांचाच पत्ता नाही.

शेवटी एका रविवारी उगवले. लेक तुटक बोलत होती, म्हणून जावई मधे पडला. "बाबा, एवढे ईटीएफ एकदम का हो निघतायत?"

"अहो, लोक शहाणे झाले. शेअर निवडून देणाऱ्या तज्ज्ञाचं पोट कशाला भरा? ठरलेल्या यादीतलं सगळंच थोडं थोडं घ्या, खर्च कमी. त्यात परवानगी मिळणं सोपं झालंय. आणि खरं सांगू? समोरच्या कंपनीने एक काढला की आमच्या साहेबांना जेवण जात नाही. मग आम्ही दोन काढतो."

"आणि सगळ्यांना नाव मिळतं," लेक म्हणाली.

आजोबा कानकोंडे झाले.

"त्यांची नावं काय, यश, भरभराट, असलं काही?" जावयाने विचारलं.

"छे. नावात फायद्याचं वचन द्यायचं नाही, आमचा नियमच आहे. आत काय आहे ते नावावरून कळलं पाहिजे."

"हिच्या आत दूध आहे," लेक म्हणाली. स्वतःच हसली, पण डोळे भरले होते. "बाबा, टोपल्यांत डोकावायला तुम्हाला वेळ आहे. हिच्याकडे बघितलंत कधी?"

आजोबांनी बाळ मांडीवर घेतलं. तिने त्यांचं बोट जे धरलं ते सोडेचना.

"बघायला हवं नीट," ते हळूच म्हणाले. "आजच्या आज नाही व्हायचं. उद्या येतो."

उद्या आले, परवाही आले. साहेबांच्या टोपल्या टेबलावर तशाच टाकून ऑफिस सुटल्यासुटल्या हजर. नातीला निरखायचे आणि मान हलवायचे. "अजून पुरतं कळलं नाही."

एका संध्याकाळी लेक चहा घेऊन येत होती. खोलीत आजोबा नातीला एका नावाने लाडात हाक मारत होते आणि पोरगी त्या हाकेला सरावल्यासारखी हसत होती. नाव गोड होतं. पहिल्याच दिवशी सापडलं असणार, लबाड म्हातारा!

लेक चार पावलं मागे गेली आणि मुद्दाम कपबशा वाजवत आत आली.

"सापडलं का काही, बाबा?"

"कुठलं गं? अवघड काम आहे."

"मग उद्या या," तिने कप पुढे केला. "घाई नाही."