ओल्या केसांचं माप

कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला असलेली पोरगी आता केस कापायला शिकणार, हे ऐकून घरात कुणालाच काळजी वाटली नाही. "कात्री तीच, फक्त गिऱ्हाईक जिवंत," धाकटा भाऊ म्हणाला. घरात तिला सगळे मोठी म्हणायचे, आणि मोठं असण्याची शिक्षाही ती रीतसर भोगत होती. आईचे गुडघे आणि धाकट्याचं कॉलेज, दोन्ही तिच्या पगारावर उभे होते. त्यातल्या त्यात गुडघे बरे म्हणायचे.

कोर्स दिवसाचाही होता, पण दिवस कारखान्याचा. म्हणून तिने अर्धवेळचा घेतला: कामावरून सुटल्यावर संध्याकाळी, आणि रविवारी. वर्षानुवर्षं तिने बाह्या कापल्या होत्या. त्या बाह्यांत कुणाचे हात जातात ते तिला कधी दिसलं नव्हतं. आपण काही कापावं आणि समोरच्याने आरशात बघून खूश व्हावं, एवढीच तिची हौस.

दिवसाच्या मुली एकमेकींचे केस कापून शिकायच्या. संध्याकाळच्यांना स्टँडवर लावलेलं रबरी डोकं मिळायचं. त्याचे केस सरळसोट, कापले तेवढेच राहणारे. मोठीचं त्या डोक्याशी चांगलं जमलं. ते निमूट कापडासारखं वागायचं.

परीक्षेला मात्र आपलं माणूस आपण आणायचं होतं. "पास झालीस तर माझ्या बहिणीच्या पार्लरमध्ये एक जागा आहे," कोर्सच्या मॅडम म्हणाल्या होत्या. "पण ती कुणासाठी थांबणार नाही हं."

मोठीने मावशीला विचारलं. मावशीचे केस दाट, कुरळे, पाठभर.

"घे की," मावशी म्हणाली. "केस काय, येतील परत. तुझे काका गेले ते नाही आले."

परीक्षेच्या दिवशी कारखान्यात जादा काम निघालं. मोठी धावतपळत आली, बोटं अजून आखडलेलीच. तिने मावशीचे केस धुतले, विंचरले, आणि टेबलावर कापडाची सुरकुती काढावी तसे ताणून धरले. हनुवटीच्या खाली सरळ रेषेत कापले. रेष अशी, की पट्टी लावून बघावं.

मग ड्रायर लावला. केस सुकायला लागले तसे वर चढायला लागले. हनुवटी सोडली, गाल सोडले, आणि थेट कानांवर जाऊन बसले.

"अगं, अजून किती वर जाणारेत?" मावशीने विचारलं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ओले कुरळे केस कुणी असे ताणून कापतं का गं?" मॅडम म्हणाल्या. "दिवसाच्या मुलींना हे पहिल्याच आठवड्यात कळतं."

"आम्हाला रबरी डोकं होतं, मॅडम."

"मग घरी कुणावर तरी सराव करायचा."

"कधी?"

मॅडमनी मावशीच्या खांद्यावरचे केस झटकले. बाई वाईट नव्हती. जागा दिवसाच्या एका मुलीला गेली. "पुन्हा फी भर आणि पुढच्या बॅचला बस परत. नाहीतर सरळ नोकरी सोड आणि दिवसाच्या वर्गाला ये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मोठीने मान डोलावली. दोन्ही गोष्टी कशा व्हायच्या नाहीत हे दोघींनाही दिसत होतं.

"डोकं हलकं झालं बघ," बसमध्ये मावशी म्हणाली. थोड्या वेळाने तिची नजर खिडकीच्या काचेकडे गेली, तिथे स्वतःला पाहून तिने पटकन तोंड वळवलं, आणि पर्समधला रुमाल काढून डोक्याला बांधला. मोठी दुसरीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर तिच्या टेबलापाशी थांबला. कापलेल्या बाह्यांची थप्पी उचलून त्याने कडा बोटाने चाचपल्या.

"सूतभर फरक नाही! असा हात अख्ख्या खात्यात कुणाचा नाही," तो म्हणाला. "वर सांगून ठेवलंय मी, काही झालं तरी हिला या टेबलावरून हलवायचं नाही."

ती खूश होईल असं त्याला वाटलं असावं. तो जरा थांबलाही. तिने पुढचं कापड ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं.