कंसातले दोन आकडे

आमच्या सासूबाईंना कोणी तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं असे, "मला काय धाड भरलीय?" सुनांची तब्येत विचारली तरी उत्तर त्याच द्यायच्या, आणि तेच द्यायच्या. आम्ही तिघी जावा. आमच्या दुखण्याखुपण्याचा कारभार तुपाच्या बरणीसारखा त्यांच्याच ताब्यात होता.

मळा नाशिकला अगदी लागून. शेवंती तोडून सासरे फुलबाजारात न्यायचे. तिथे रोज पूजेची फुलं घ्यायला एक डॉक्टर येत. त्यांची रक्त तपासायची लॅब होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोवर हार्मोन तपासायचं तर रक्त बर्फात घालून मुंबईला जायचं. डॉक्टरांनी हौसेनं स्वतःचं मशीन आणलं. पण मशीन नुसता आकडा देतं. तो बरा की वाईट हे कळायला शेजारी कंसात दोन आकडे लागतात, इथपासून इथपर्यंत नॉर्मल. मशीनबरोबरच्या कागदावर ते परदेशी माणसांचे होते. डॉक्टरांना ते पटेनात. आपल्या माणसांचं नॉर्मल आपणच ठरवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी निरोगी माणसं हवी होती, आणि शहरातल्या शिकलेल्या माणसाला निरोगी म्हटलं की शेतमळेच आठवतात.

एका सकाळी ते सुया, नळ्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आमच्या ओट्यावर आले. माणूस चांगला होता, आजही मी तेच म्हणेन. शेजारच्या मळ्यांतल्या बायकाही जमल्या. पहिली सुई सासूबाईंनीच टोचून घेतली. प्रत्येकीला डॉक्टर विचारत होते, काही आजार, काही औषध, काही त्रास? सासूपुढे सुनेनं स्वतःच्या दुखण्याबद्दल तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. माझा नंबर आला, तेव्हा मी मान वर करायच्या आत सासूबाई बोलल्या, "तिला काय धाड भरलीय? लय कामाची हाय ती."

मला बरंच काही होत होतं. भर उन्हाळ्यात पाय गार पडायचे. फणीत केसांचा गुंता राहायचा. सकाळी अंथरुणातून स्वतःला ओढून काढावं लागे. आणि आदल्या वर्षी पोटातलं मूल गेलं होतं, पण असलं काही बाहेर बोलायचं नसतं. शिवाय थोरल्या जावेचेही पाय गार असायचे, धाकटीचेही केस गळायचे, शेजारणींचीही तोंडं सुजलेली असायची. जे सगळ्यांनाच होतं ते दुखणं कसलं? बाईच्या जातीला हे असायचंच, असं मी धरून चालले होते. मी हात पुढे केला, बिस्किट खाल्लं आणि निंदायला गेले.

पुढे आणखी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल गेलं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड तपासायला सांगितलं, तेव्हा नवरा मला त्याच लॅबमध्ये घेऊन गेला. माझा आकडा कंसातल्या वरच्या आकड्याला अगदी टेकून होता, पण आत होता. नॉर्मल आहे म्हणून बाईंनी कागद घडी घालून परत दिला. घरी सगळ्यांना हायसं वाटलं. रक्तात दोष नाही म्हटल्यावर तो शोधायला दुसऱ्या जागा निघाल्या. माझी पत्रिका निघाली, माझं माहेर निघालं, माझी चाल निघाली. वणीच्या देवीला नवस बोलला गेला. गडाच्या पायऱ्या चढताना मला धाप लागली, तर थोरली जाऊ म्हणाली, भक्ती कमी पडते. तिला स्वतःलाही तेव्हा कठड्याला धरून उभं राहावं लागलं होतं.

तो नॉर्मल शब्द मी फार वर्षं सोसला. आजारी बाईला निदान दुपारी पडता येतं. नॉर्मल बाई पडली की ती आळशी. मला माझाच राग यायचा.

चाळिशी जवळ आली तेव्हा माहेरी सायखेड्याला गेले होते. तिथे नवा दवाखाना टाकलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा गळा चाचपला आणि दुसऱ्या लॅबमधून रक्त तपासून आणलं. मी जपून ठेवलेला जुना रिपोर्ट शेजारी ठेवला. माझा आकडा जवळपास तोच होता, कंस मात्र बदललेला होता, आणि या कंसात मी बसत नव्हते. ही आधीची हद्द इतकी वर कोणी नेली, असं त्यांनी मलाच विचारलं. थायरॉइड मंद पडलं की हा आकडा चढतो, म्हणाल्या. गोळी सुरू झाली. काही आठवड्यांनी एका सकाळी मी उठले, नुसती उठले, ओढाताण न करता. लोक रोज असेच उठतात हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी फार रडले. मुलाचं विचारलं, तेव्हा बाईंनी माझं वय पुन्हा एकदा विचारलं.

मग मी लॅबवाल्या डॉक्टरांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. ते थकले होते, लॅब कधीच सोडली होती. त्यांनी नीट समजावलं. निरोगी माणसांचे आकडे ओळीनं लावायचे, दोन्ही टोकांचे थोडे सोडायचे, मधले ज्या हद्दीत बसतात ते नॉर्मल. मुळात माणसंच आजारी असली तर हद्द आजाराकडे सरकते. ही चूक त्यांना उशिरा कळली होती. कंस त्यांनी बदललाही होता, पण माझा रिपोर्ट देऊन झाल्यावर. मी म्हटलं, त्या निरोगी माणसांत मी होते. माझंच रक्त घेऊन तुम्ही माप केलंत आणि त्याच मापात बसते म्हणून मला घरी पाठवलंत.

ते म्हणाले, "मी प्रत्येकीला विचारलं होतं हो."

"तुम्ही सासूबाईंना विचारलं होतंत," मी म्हणाले.

त्यावर भांडण संपलं. त्यांनी चहा करायला सांगितला आणि मी तो घेतला.

सासूबाईंना तोवर दिसायचं कमी झालं होतं, पण गोळीची पट्टी फोडल्याचा आवाज बरोबर ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलंच, "रोज उठून काय गिळती गं? काय झालंय तुला?"

"धाड भरलीय, आत्याबाई. तेव्हाच भरली होती."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. त्यांनी नुसते पाय लुगड्यात ओढून घेतले. मग म्हणाल्या, "माझे बी पाय गारच असत्यात. लगीन झालं तवापासनं."

मी पायांना हात लावून पाहिला. उद्या रक्त तपासायला जाऊ म्हटलं, तर म्हणाल्या, आता कशाला.