बिनपैशाच्या मिसरीवर डोहाळा

माझं माहेर झरी, सासर बोरी. दोन्हीकडं बायकांच्या कमरेला मिसरीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आन बोटानं दातांना लावत बसायचं. म्हणायला दात घासणं. पण दिवसातून चार-चार वेळा दात घासायची हौस कुणाला असते, सांगा! मी नववीत असताना आईच्या डबीतून चोरून शिकले आन ती सवय सासरी घेऊन आले.

लग्नानंतर दिवस गेले. पाचव्या महिन्यात, गावातल्या पोटुशी बायकांची तपासणी बघणाऱ्या आशाताईनं दवाखान्याचे कागद बघितले आन तोंड वाकडं केलं. "बाळ बारीक हाय. मिसरी बंद कर. आन ह्यांना सांग, घरात सिगारेट ओढायची न्हाई." पहिलंच लेकरू. मी भ्याले, लय भ्याले. पण भीती रात्रभरच टिकली. सकाळी उठल्या उठल्या हात डबीकडं गेला.

त्याच आठवड्यात सरकारनं सिगारेट-तंबाखूवरचा कर वाढवला. नवरा मोबाईलवर ती बातमी वाचून असा मटकन बसला की आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घाबरून विचारलं, "कोण गेलं रे?"

मला मात्र आनंद झाला. कारण मी मुलखाची कंजूष. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट उपटल्याशिवाय मला घास उतरत नाही. म्हणलं, भीतीनं जमलं नाही ते कंजूषपणानं जमंल. पुडीचा नवा भाव ऐकला आन दुकानातून रिकाम्या हातानं परत फिरले. नवऱ्यानं पण सिगारेट सोडली. सोडली, आन बिडी धरली! "ही स्वस्त पडती," म्हणाला. घ्या, झाली सुधारणा.

दोन दिवस डोकं ठणकत होतं. भांडी आदळली, नवऱ्यावर ओरडले, बिनकामाची रडले. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली, माझं तोंड बघितलं आन तिनं डबी पुढं केली. "घे बाई. दोन जीवाच्या बाईला न्हाई म्हणू नये, लेकराचा कान फुटतो." डोहाळे पुरवलेच पाहिजेत, हा आमच्या गल्लीचा कायदा. कैरी मागा, भाजलेली माती मागा, मिसरी मागा. मागायच्या आधीच बायका देऊ लागल्या. आत्याबाई तर सगळ्यांच्या पुढं. स्वतःची डबी उघडून म्हणायच्या, "मन मारू नको गं."

आन फुकटचं म्हणल्यावर माझा हात थांबतोय होय? विकतची होती तेव्हा चिमूट-चिमूट पुरवून लावायचे. आता चारच्या सात वेळा झाल्या. सरकारनं भाव वाढवला आन माझी मिसरी पण वाढली.

पुढच्या तपासणीला बाळ होतं तेवढंच. आशाताई या खेपेला रागावली नाही, कागद माझ्या हातात देऊन तिनं पुढच्या बाईला हाक मारली. घरी येऊन मोरीत तोंड धुताना मी आरशात दात बघितले आन मला माझीच किळस आली. स्वतःच्या लेकरापेक्षा मला चिमूटभर राख प्यारी झाली होती.

सातव्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं साग्रसंगीत. बायका माझ्याभोवती बसल्या आन आत्याबाईंनी विचारलं, "माग पोरी. काय खावंसं वाटतंय? आज काय बी माग."

मी बोलले, "मला एकच डोहाळा लागलाय. मला आता कुणी मिसरी द्यायची न्हाई. आन आत्याबाई, तुमची डबी बी ह्या घरात नको."

एकजण फिसकन हसली, "अगंबाई, असला कुठं डोहाळा असतो का?"

आत्याबाईंचं तोंड उतरलं होतं. चाळीस वर्षांची सोबत ती. पण त्यांनी कमरेची डबी काढली. "लागलाय तर लागलाय," त्या म्हणल्या, "लेकराचा कान फोडायचाय का तुमाला?" आन सगळ्यांदेखत डबी मोरीत रिकामी केली. त्यांचा लेक, म्हणजे माझा नवरा, दारात बिडी ओढत होता, त्यालाही त्याच पावली रस्त्यावर हाकलला.

बायका गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. खालच्या आवाजात म्हणल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक पोरगी झाली होती. ओंजळीत मावंल एवढी. चार दिस जगली. कुणाची नजर लागली म्हणून मी गावभर शिव्या देत फिरले. डबी माझ्या कमरेलाच होती बाई, मला कुणी सांगितलंच न्हाई." मी त्यांचा हात धरून बसले.

पुढचे दोन महिने आम्ही सासू-सुना एकमेकींवर वसवस करत, बडीशेप चघळत काढले. आमच्या दोघींच्या भांडणाला गल्ली कंटाळली. पण मिसरी मात्र कुणी दिली नाही. तसं एक-दोनदा मीच हात पसरला होता, तेव्हा शेजारणीनं माझाच डोहाळा माझ्या तोंडावर मारला.

मला पोरगी झाली. नर्सबाई बातमी सांगायला बाहेर आली तेव्हा, हे मला आईनं नंतर सांगितलं, आत्याबाईंनी पोरगा का पोरगी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "वजन किती भरलं?"

"अडीच किलोच्या वर हाय, आजी. चांगलं हाय."

आत्याबाईंचा विश्वास बसंना. "माझ्या डोळ्यादेखत ठिवा," म्हणल्या, आन नर्सबाईला माझी लेक पुन्हा एकदा काट्यावर ठेवायला लावली.