दुसरी सही

माझी जनीकाकी कुणालाही जेवायला वाढण्याआधी त्याचे हात बघायची. घरचा असो की पाहुणा, पहिला प्रश्न, "हात धुतलंस?" नवऱ्याचे, म्हणजे रावजीकाकाचे, हात तर ती स्वतः धुवायची, शिकेकाई लावून, नखं काडीने कोरून. आम्ही मुली तिच्यामागे तिला सोवळी काकी म्हणून खिदळायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

दिघीच्या अलीकडे, खाडीच्या काठी आमची वाडी. रावजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. शेती दोघांची मिळून, पण गावच्या भैरोबाची पूजा त्याच्याकडे. तेलात शेंदूर कालवायचा आणि देवाला हाताने चोपडायचा, हे काम त्याने पोरवयापासून केलेलं. असे थरावर थर चढतात आणि एखाद्या वर्षी तो सगळा जाड थर सुटून खाली येतो. देवाने कवच टाकलं, असं आमच्याकडे म्हणतात. ते कवच वाजतगाजत नेऊन खाडीत सोडायचं, ही रीत.

१९३० च्या शिमग्याआधी भैरोबाने कवच टाकलं. काकाने ते खाडीत सोडलं, पण ओंजळभर तुकडा मागे ठेवला. देवाच्या अंगावर इतकी वर्षं राहिलेली वस्तू सगळीच्या सगळी पाण्यात घालवायला त्याचा जीव होईना. तो तुकडा कुटून त्याने लाकडी करंड्यात भरला, आणि पोटात दुखलं की त्यातली चिमूटभर पूड पाण्यातून घ्यायला लागला. बायकांनी करंड्याला हात लावायचा नाही, असं काकीला बजावून ठेवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोटदुखी रोजची झाली आणि चिमूटही. त्याच सुमाराला काका बदलला. बैलालासुद्धा कधी शिवी न देणारा माणूस ताट भिरकावू लागला. माडांवर माणसं बसलीत, ती आपल्यावर नजर ठेवून आहेत, म्हणू लागला. झोप गेली. मग मनगटं लुळी पडली आणि त्याला चिमूटही धरता येईना. तेव्हा काकीने करंडा उघडला. हाताला केळीचं पान गुंडाळून ती पूड काढायची आणि त्याला पाजायची. आपण बाई असून देवाच्या वस्तूला हात घातला, ह्या भीतीने तिला घास गोड लागत नव्हता. तो आणखी बिघडला की तिला वाटे, आपल्यामुळेच. पण थांबायचा धीरही होत नव्हता. ही गोष्ट तिने तेव्हा कुणालाच सांगितली नाही.

दसऱ्यानंतर काका कोयता घेऊन माझ्या वडिलांच्या अंगावर धावला. वडील घाबरले. घरात आम्ही लहान पोरं होतो, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकाला म्हसळ्याला नेलं, ती घाई मला अजून सलते. तिथल्या डॉक्टरने तीन प्रश्न विचारले. नाव काय, आज वार कोणता, तुला कोण त्रास देतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काका बराच वेळ देत बसला. डॉक्टरने कागदावर लिहिलं की ह्याला वेड लागलं आहे आणि घरी ठेवणं धोक्याचं आहे. खाली सही केली.

कागद पुरा व्हायला आणखी एका डॉक्टरची सही लागत होती. ती झाली की काका ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात जाणार होता. आमच्या भागातून तिकडे गेलेला माणूस परत आलेला कुणाला माहीत नव्हता.

"भावजी," काकी वडिलांना म्हणाली, "दुसरी सही कोनाची घ्यायची ता मला ठरवू द्या."

"सही ती सही, वयनी. कोनाची का असंना."

"खाडीपल्याड मुरूडला एक डाक्टर हाय. मुंबयला व्हता. मानूस बघतो आनि मग लिवतो, आसा म्हनतात."

वडील वैतागले, पण तयार झाले. "त्यानंबी सही केली तर मग रडायचा न्हाय."

"न्हाय रडायची," काकी म्हणाली.

निघण्याच्या सकाळी तिने काकाला रोजच्या दुप्पट पूड पाजली. डॉक्टरसमोर तो शांत राहावा एवढीच तिची इच्छा होती. करंडा कनवटीला खोचून ती होडीत बसली. काकाच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक वडिलांनी मुठीत धरलं होतं. शिडात वारा कमी होता. पलीकडच्या काठाला, आगरदांड्याला पोहोचेपर्यंत तिने भैरोबाला काय काय कबूल केलं ते तिलाही नंतर आठवेना. काका पाण्याकडे बोट दाखवून म्हणत होता, "खाली बसलीत बग." लुळ्या मनगटामुळे बोट नीट उचलत नव्हतं. ती म्हणायची, "व्हय, पन तिथं बोलू नको. माझ्या गळ्याची आन हाय."

दिनानाथ डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना ऐकायला कमी येत होतं. त्यामुळे सगळं मोठ्याने बोलावं लागलं. काकाने शपथ पाळली नाही. आत शिरताच माडावरच्या माणसांची तक्रार त्यांच्याकडे केली. वडिलांनी कागद पुढे सरकवला, डॉक्टरांनी तो वाचला आणि टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात काका पोट धरून खाली वाकला. डॉक्टरांनी टाक ठेवला, त्याला आडवं केलं आणि पोट दाबून पाहिलं. दाबल्यावर दुखायला हवं होतं, तर काकाला उलट बरं वाटलं. डॉक्टरांनी त्याचे हात पुढे धरायला लावले, तर दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबले. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी काळसर निळी रेघ होती.

"मशेरी लावतो?"

"न्हाय. राख लावतो," काकी म्हणाली.

डॉक्टरांनी ओल्या कापडाने रेघ घासली. ती गेली नाही. त्यांनी विचारलं, "ह्याला औषध काय देता?"

"काय न्हाय," काकी म्हणाली.

"झाडपाला? भस्म? काहीतरी देत असणार."

काकीने पदर कनवटीवर ओढला. शेजारी दीर उभा होता. बाईने भैरोबाच्या कवचाला हात घातला हे गावात कळलं, तर वाळीत टाकतील हे तिला माहीत होतं. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि कागद परत पुढे ओढला.

काकीने करंडा काढून टेबलावर ठेवला. "ह्या देते," ती म्हणाली. "देवाचं कवच हाय. त्याला चिमूट धरवत न्हवती, म्हनून मी देते. रोज. आज दुप्पट दिला. माझा हात लागला त्याची शिक्षा मला होऊ दे, पन ह्याला धाडू नका."

डॉक्टरांनी पूड बोटावर घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "शेंदूर?"

"व्हय."

"बाई, शेंदूर शिशापासून करतात. शिसं पोटात गेलं की विष होतं. मुंबईला छापखान्यातल्या शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांचे हात असेच लोंबायचे आणि हिरड्या अशाच व्हायच्या. हा वेडा नाही. ह्याला विष चढलंय. ते बंद करा, हात धुऊन जेवू द्या. पुष्कळसा सुधारेल."

म्हसळ्याच्या डॉक्टरच्या सहीखाली त्यांनी आडवी रेघ मारली आणि शेजारी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. सही मिळाली नाही. काकीला जे हवं होतं तेच झालं. ती मात्र रडायची नाही असं म्हणाली होती, आणि वडिलांनी फार वर्षांनी मला सांगितलं की ती तिथेच जमिनीवर बसून अशी रडली की डॉक्टरांना दार लावून घ्यावं लागलं. देवाच्या रागाला भीत होती तोवर तिला आशा तरी होती. आता राग कुणाचाच नव्हता. तीच आपल्या हाताने रोज नवऱ्याला विष पाजत होती.

परतीच्या होडीत काकाने तिच्यापुढे तोंड केलं. "दुखतंय. चिमूटभर दे." खाडीच्या मध्यावर तिने करंडा पाण्यात सोडला. काका तिला चोर म्हणाला आणि पुढे महिनाभर तिच्याशी बोलला नाही. वडिलांनी मात्र बाईच्या हाताची गोष्ट गावात कधी काढली नाही. तेवढं त्यांच्या नावावर मी मांडते. देवाची पूजाही त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि शेंदूर लावून आले की काकी त्यांच्या हातावर पाणी ओतायला उभी असे.

काका सुधारला. पुढच्या पावसात तो लावणीला उतरला. माडांवरची माणसं गेली, झोप आली. उजवा पंजा तेवढा शेवटपर्यंत अर्धाच उचलायचा. आपण त्याला काय पाजलं हे काकीने त्याला कधी सांगितलं नाही. पोटाचं जुनं दुखणं होतं, हवापाण्याचा दोष होता, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण ती त्याच्यासमोर जेवायला बसली की घास हातात धरून थांबायची. आधी त्याचं पान बघायची, मग आपलं.

माझं लग्न झालं त्या वर्षी, १९३८ ला, काकाला ताप भरला आणि तो उठला नाही. मी माहेरी आले होते. काकी पाणी आणायला गेली होती तेव्हा मी त्याच्या उशाशी बसले होते. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. तोच सांगायला लागला, करंडा, होडी, डॉक्टरांचं मोठ्याने बोलणं, सगळं.

"तुला हे ठाऊक हाय हे काकीला माहीत हाय?" मी विचारलं.

"न्हाय. तिला वाटतं, मला कायच कळला न्हाय. मी तवा येडा व्हतो, पन कान शाबूत व्हते." त्याने अधू पंजा चादरीवर ठेवला. "तू बी बोलू नको. मला ठाऊक न्हाय, ह्या एका समजुतीवर ती दोन घास खाते."

काकी कळशी घेऊन आत आली. त्याचे हात ओल्या फडक्याने पुसले, नखं पाहिली आणि मग पेज आणायला चुलीकडे गेली.