शालीच्या तोंडावरचा दोरा

लेंपी सारीच्या हातमोज्यांना गावात तोड नव्हती, आणि हे गावाच्या आधी लेंपीलाच ठाऊक होतं. दोन रंगांची लोकर एकाच वेळी बोटांवर घेऊन ती हरणं, तारे असलं काहीबाही विणायची, आणि आतली बाजूसुद्धा इतकी सुबक की हातमोजे उलटे घालून चर्चला जावं. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या त्या फिनिश वस्तीत बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही, तेव्हा हातमोजे विणणारीला मान असायचाच. दुसऱ्या कोणाचं विणकाम हातात आलं की लेंपी आधी ते उलटं करून बघायची आणि मग म्हणायची, "छान आहे हो." त्या ‘हो’चा अर्थ विणणारीला बरोबर कळायचा.

सायमा कोस्की तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी विधवा, दोघींची घरं एकाच गल्लीत. दर शनिवारी लेंपीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसून घाम गाळायचा आणि मग वेलदोड्याचा निसू पाव कॉफीत बुडवून खायचा, हे दोघींचे नवरे होते तेव्हापासून चालत आलेलं. सायमाचं विणकाम बेताचं. चुकलं की लेंपी "आण इकडे" म्हणायची, उसवायची आणि नीट करून द्यायची. सायमा काही बोलायची नाही. मैत्री म्हणजे आणखी काय असतं, असं लेंपीला वाटायचं.

मग मिलवॉकीहून डार्लीन आली. नवरा निवृत्त झाला म्हणून सरोवराकाठी घर घेतलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात बाईंनी वाचनालयात विणकामाचा वर्ग काढला: मोझेक नक्षीची शाल. वार शनिवार. सायमाने फोन केला, "आज सौना नको गं, मला वर्गाला जायचंय."

लेंपीच्या अंगाचा तिळपापड झाला. जिला स्वतःच्या दारातला बर्फ धड उपसता येत नाही, तिच्यापुढे बसून सायमा विणकाम शिकणार? आणि आपण गल्लीत असताना? पुढच्या शनिवारी ती स्वतःच सुया-लोकर घेऊन वर्गात जाऊन बसली. शिकायला नव्हे, बघायला.

डार्लीन सांगत होती, "एका ओळीत एकच रंग विणायचा. जिथे दुसरा रंग दिसायला हवा, तिथे खालच्या ओळीतला टाका न विणता नुसता या सुईवरून त्या सुईवर सरकवायचा. लोकर मागे ठेवायची, नाहीतर दोरा शालीच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या बाजूला येतो."

"म्हणजे टाके विणायचेच नाहीत?" लेंपीने विचारलं.

"काही काही नाहीच विणायचे."

"आमच्याकडे याला कामचुकारपणा म्हणतात."

बायका हसल्या. सायमा हसली नाही. ती मान किंचित तिरकी धरून विणत होती. डार्लीन तिच्यापाशी येऊन वाकली. "सायमा, इथे तुझा दोरा पुढे राहिलाय बघ."

"राहू दे का?"

"शाल तुझी. तू सांग."

"मग राहू दे," सायमा म्हणाली, आणि दोघी एकमेकींना टेकून खुदुखुदु हसत सुटल्या. सायमाला असं हसताना लेंपीने कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. तिने स्वतःचे टाके असे करकचून ओढले की शाल पापडासारखी आक्रसली, आणि डार्लीन येऊन गोड आवाजात म्हणाली, "हात थोडा सैल सोडा, लेंपी." सायमाला ‘तू’ आणि हिला ‘सोडा’. लेंपी घरापर्यंत धुसफुसत गेली.

त्याच आठवड्यात ती सायमाकडे गेली. सायमा तळघरातून जॅम आणायला उतरली, आणि खुर्चीवर ती शाल पडलेली. करडी आणि डाळिंबी. तोंडावर तो दोरा तसाच होता. चूक म्हणून तो लेंपीला तेवढा खुपला नसता. तो डार्लीनच्या परवानगीने तिथे होता, हे तिला सोसवेना. तिने वरचे टाके सोडले, क्रोशाच्या सुईने दोरा मागे घातला, टाके पुन्हा उचलले. कोणाला पत्ता लागला नसता.

सायमा आली, शाल मांडीवर घेतली आणि बोटं फिरवू लागली. ती शालीकडे बघतही नव्हती. बोटं एका जागी थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"लेंपी, इथे दोरा होता."

"चुकला होता. नीट केला."

"मला माहीत होता तो. नक्षी कुठे सुरू होते ते मी त्याच्यावरून ओळखायचे." सायमाने शाल खाली ठेवली. "माझे डोळे चाललेत. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. हातात एकच रंग असला की जमतं."

"आणि हे तू तिला सांगितलंस. मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्या हातातून सुया काढून घेतल्या असत्यास. शाल तूच विणून दिली असतीस, सुरेख. या घरात माझ्या हातचं म्हणावं असं एकसुद्धा काही नाही, लेंपी. सगळं तू नीट केलेलं आहे."

जे खरं होतं तेच लेंपीच्या तोंडातून बाहेर पडलं. "मला त्या बाईचा हेवा वाटतो. फार वाटतो."

"दिसतंय ते," सायमा म्हणाली. "तेवढं अजून दिसतं मला." मग तिने शाल लेंपीच्या मांडीवर टाकली. "दोरा परत घाल."

"चुकीचा?"

"होता तसा."

जाणूनबुजून चुकायची लेंपीला सवय नव्हती. तिने टाके सोडले, दोरा पुढे घेतला, टाके पुन्हा सुईवर चढवले. एवढ्याशा कामाला तिला घाम फुटला. सायमाने बोटाने चाचपून पाहिलं.

"घट्ट झालाय," ती म्हणाली. "पुन्हा कर."

लेंपीने मुकाट्याने टाके पुन्हा सोडले.