दोन तास, जमलं तर

इन्व्हर्टर निवडायला मला अकरा महिने लागले. दुकानं पालथी घातली, माहितीपत्रकं वाचून काढली, मोबाइलवर अनोळखी माणसांची तासन् तास चाललेली भाषणं ऐकली, दोन वह्या भरल्या. बायको म्हणाली, "अहो, इन्व्हर्टर घेताय की प्रायश्चित्त?" मी हसलो नाही. तिनंही हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

आमचं घर गंगेच्या पलीकडे, रामनगर ओलांडून पुढे, शेतांमध्ये आहे. विजेचे खांब तीन शेतं अलीकडे येऊन थांबले ते थांबलेच. मी इंटर कॉलेजात अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतो. खांब आले नाहीत याचं मला वाईट वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. छतावर सूर्याची पॅनेलं, जिन्याखाली बॅटऱ्या, त्यांच्यामध्ये इन्व्हर्टर, आणि कुणाकडे हात पसरणं नाही. वर्गात उदाहरण द्यायचं झालं की मी घराचंच द्यायचो. सहकारी बघायला यायचे. मी त्यांना आधी चहा द्यायचो की आधी जिन्याखाली न्यायचो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घर बांधलं तेव्हा ताई आमच्याबरोबर राहायला आली. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, स्वतःचं लग्न राहू दिलं, ब्रह्मा घाटाजवळच्या शाळेत मुलींना संस्कृत शिकवत राहिली. निवृत्त होता होता तिची फुफ्फुसं दमली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीनं नाकाशी देणारं, छोट्या फ्रिजएवढं यंत्र. तिच्या आणि माझ्या बोलण्यात ते फक्त 'मशीन'.

पहिला इन्व्हर्टर घेताना मी यादी केली होती. कुठली वस्तू, किती वॅट, किती तास. सगळ्यांना विचारलं. ताई गवार मोडत बसली होती.

"ताई, तुझं मशीन किती वेळ धरू?"

"माझं कसलं रे? रात्री थोडं लावते. नसलं तरी चालतं."

मी लिहिलं: मशीन – दोन तास, जमलं तर. आणि पुढच्या ओळीवर गेलो. त्या यादीच्या जोरावर मी एक हलका, चटपटीत इन्व्हर्टर आणला. दिवे-पंखे तो छान चालवायचा. मशीन लावलं की मात्र बारीक कण्हायचा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असते, मोटरच्या जातीच्या यंत्रांना ती सोसत नाही, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. घरात मला ते कण्हणं ऐकूच आलं नाही.

पुढे डॉक्टरांनी मशीनचे तास वाढवले. मी यादी वाढवली नाही. ताईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग गेल्या वर्षीचा कोहरा आला. धुक्याला आम्ही घरात कोहराच म्हणतो. दिवसचे दिवस सूर्य नाही, पॅनेलांवर नुसतं पाणी. एका दुपारी मी कॉलेजातून दोन सहकाऱ्यांना घेऊन लवकर घरी आलो. दार उघडलं. बैठकीतला दिवा लखलखीत होता, फ्रिजही चालू होता. मी तिथं उंबऱ्यातच म्हणालो, "बघा! पाच दिवस ऊन नाही, तरी!"

हे म्हणून झाल्यावर मी ताईकडे पाहिलं.

ती खाटेच्या काठावर पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. ओठ जांभळट. मशीन बंद. नळी नीट गुंडाळून उशीवर ठेवलेली.

दवाखान्यात नंतर कळलं. रोज दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको कामावर असताना इन्व्हर्टर टीं टीं करून ओरडायला लागायचा. मशीन बंद केलं की गप्प व्हायचा. तिनं ते शोधून काढलं होतं. "संध्याकाळी तू येतोस, घरात अंधार दिसला की तुझा चेहरा पडतो," ती म्हणाली. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून ती थेट ब्रह्मा घाटावर आमच्या मावसबहिणीकडे गेली. "थोडे दिवस," म्हणाली. तिथं सरकारी लाइन आहे, ती जाते-येते, पण खाली डॉक्टर आहे आणि माणसं आहेत. थोड्या दिवसांची होळी झाली, श्रावण झाला, दिवाळी झाली. मी दर रविवारी जायचो आणि जाताना एक नवीन माहितीपत्रक न्यायचो. "ताई, हा बघ, हा मशीनसुद्धा पेलेल." ती चष्मा लावून बघायची. "छान आहे," म्हणायची, आणि मला खायला काय देऊ ते विचारायची.

मला वाटायचं, बिनचूक यंत्र सापडलं की ती परत येईल. म्हणून मी निवडतच राहिलो. एकाची बॅटरी चांगली तर दुसऱ्याची हमी मोठी. रात्री ठरवायचो, सकाळी मोडायचो. वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबून फळ्याच्या कोपऱ्यात वॅट आणि तास मांडायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची, बिचारी.

लहुराबीरकडच्या एका दुकानात मी इतक्यांदा गेलो की दुकानदार मला बघून स्टूल पुढे सरकवायचा. कार्तिक संपता संपता एकदा तो म्हणाला, "मास्टर साहब, आप सातवीं बार आए हैं। लोग ब्याह की लड़की भी इतनी बार नहीं देखते।"

मी म्हटलं, मला भरवशाचा हवाय.

"भरोसे का तो सब है। उस पर चलेगा क्या-क्या, पहिले ये बताइए।"

मी वही उघडून यादी दाखवली. त्यानं बोट फिरवत वाचली. मशीनच्या ओळीवर थांबला. तिथं आता मी स्वतःच्या अंदाजानं दहा तास केले होते.

"ये मशीन किसकी है?"

"बड़ी बहन की."

"उनसे पूछे?"

"पूछा था."

"कब?"

मी वही मिटली. त्यानं गल्ल्याखालून कोरा कागद काढून माझ्या हातात दिला. "गुरू, लिस्ट उससे भरवाइए जो दिन भर घर में रहता है। नौकरी वाला क्या जाने, दोपहर में क्या चलता है।"

तो कागद खिशात घालून मी तसाच ब्रह्मा घाटावर गेलो. मावसबहिणीच्या घरी त्या दिवशी यात्रेकरूंची पंगत होती. तिचे यजमान भिक्षुकी करतात. नाशिककडची दहा-बारा माणसं श्राद्धकर्म आटोपून जेवायला बसली होती. ताई दाराशी खुर्चीवर होती, नाकाला नळी, मशीन शेजारी घुरघुरतंय, आणि तिथून ती वाढणाऱ्यांवर हुकमत चालवत होती.

"अहो, त्या कोपऱ्यातल्या काकांना जिलबी!"

मावसबहिणीचे यजमान परात घेऊन वाकले. "घ्या."

"नको, नको, पोट भरलं."

"एकच."

"नको हो, खरंच."

ते पुढे सरकायला लागले तशी ताई कडाडली. "भाऊजी, निघालात कुठे? दोनदाच विचारलंत! आपल्यात दुसऱ्यांदा 'हो' कोण म्हणतं?"

तिसऱ्यांदा काकांनी पानावरचा हात बाजूला घेतला आणि दोन जिलब्या घेतल्या. सगळे हसले. काकाही.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो. या घरात, असल्याच पंगतींत, मी वाढायला शिकलो. कुणाचं 'नको' पोटातून येतं आणि कुणाचं रीत म्हणून येतं, हे मला ताईनंच शिकवलं होतं. परक्या माणसांना मी आयुष्यभर तीन-तीनदा विचारत आलो. तिला एकदा विचारलं. तिचं 'नको' मला सोयीचं होतं, म्हणून मी ते घेऊन उठलो.

पंगत उठल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि कागद मांडीवर घेतला.

"ताई, घरी ये. तुला काय काय लागेल ते सांग."

"नको रे. बरं आहे इथं."

"मशीन किती तास?"

"तू आपला दिवे-पंखे धर. माझी आता इथली सवय झालीय. नको ती यातायात."

मी कागदाची घडी घातली नाही. "ताई, तिसऱ्यांदा विचारतोय."

तिनं नाकाची नळी सारखी केली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"लिही," ती म्हणाली. "सोळा तास. दोन नाही, दहा नाही, सोळा."

मी लिहिलं.

"तुमची ती समरसिबल सुरू झाली की मशीन गचका खाऊन बंद व्हायचं. परत चालू करायला मला उठावं लागायचं. तसं व्हायला नको."

समरसिबल म्हणजे आमच्या बोअरची पाण्याची मोटर. सुरू होताना ती क्षणभर तिप्पट-चौपट वीज ओढते. हे गचके मला माहीतच नव्हते. तीन वर्षं ती उठत होती.

"आणि बॅटरी किती उरलीय तो आकडा जिन्याखाली नको. मला खाटेवरून दिसला पाहिजे. तिथं पडून नुसतं टीं टीं ऐकायचं, किती उरलंय ठाऊक नाही... फार घाबरायला होतं रे."

एवढं ती मला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली असेल. मी खाली बघून लिहीत राहिलो.

"आणि एक जनरेटर."

माझं पेन थांबलं. जनरेटर! धूर, आवाज, पेट्रोलचा डबा. ज्या घराचं मी वर्गात उदाहरण देतो त्या घरात! "ताई, त्याची गरज पडणार नाही. मी पॅनेलं वाढवतो, बॅटरी—"

"कोहऱ्यात पॅनेलं वाढवून काय करशील? शून्याची दुप्पट?"

"पण जनरेटर नको..."

"हे तुझं पहिलं 'नको'," ती म्हणाली. "अजून एकदा म्हणून घे, मग लिही."

मी लिहिलं.

पुढची निवड अर्ध्या तासात झाली. दुकानदारानं मागच्या रांगेतून एक बोजड, ओबडधोबड दिसणारा इन्व्हर्टर ओढून काढला. वीज स्वच्छ देणारा, मोटरचा झटका सोसणारा, जनरेटर जोडायला वेगळी जागा असलेला, बॅटरीच्या आकड्याची पाटी वायरीनं लांब नेता येणारा. बिघडला तर दुरुस्त करणारा मिस्त्री त्याच गल्लीत बसत होता. माझ्या दोन्ही वह्यांत या इन्व्हर्टरवर काट मारलेली होती. कारण लिहिलं होतं: दिसायला जुनाट.

बसवून झाल्यावर मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "आधी तू राहा मशीनजवळ. कोहरा पडू दे. मग बघू."

पौषात कोहरा पडला. मी तसलंच एक मशीन भाड्यानं आणलं, कॉलेजातून रजा काढली आणि तिच्या रिकाम्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसलो. सकाळपासून मशीन सुरू. दर दोन तासांनी ताईचा फोन यायचा.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर टक्के."

"बरं."

दुसऱ्या दिवशी खिडकीतून आवारातला पेरूही दिसेना. आकडा घसरत होता. मी समरसिबल मुद्दाम दोनदा चालवली. मशीन डगमगलं नाही. पण आकडा उतरतच होता. पंचेचाळीस. एकोणचाळीस. दुपारी तीनच्या सुमाराला चौतीस. पुढच्या फोनला थोडा वेळ होता. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. फ्रिज बंद केला तर आकडा तिला जरा बरा सांगता येईल, असं मनात आलं. हात बटणावर गेलासुद्धा. त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ताईच्या मशीनचं बटण होतं, ती रोज दुपारी बंद करायची ते.

मी हात काढला आणि येऊन खुर्चीवर बसलो. बसवेना. दारापर्यंत गेलो, परत आलो. पाटीवर एकतीस झालं तेव्हा फोन वाजला.

"किती?"

"एकतीस," मी म्हणालो. "आणि ऊन नाही. उद्याही नसेल."

तिच्या मशीनची घुरघुर मला ऐकू येत होती, माझ्याजवळची तिला येत असणार.

"मग बसलास काय?" ती म्हणाली. "जनरेटर लाव."

फोन चालू ठेवूनच मी मागच्या अंगणात गेलो. दोरी ओढली. पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो धडधडायला लागला, आणि पेट्रोलचा धूर कोहऱ्यात मिसळून तिथंच रेंगाळला. घरात धावत आलो. मशीन चालूच होतं, आकडा एकतीसवरच थांबला होता.

"ऐकू येतंय का ताई?"

"न यायला काय झालं? मेलं केवढं ओरडतंय. शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी तीन शेतं लांब आहेत."

"ते खरं." मग तिनं विचारलं, "आकडा खाटेवरून दिसतो का?"

"दिसतो."

"झोपून बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. फोन कानाशी धरून मी तिच्या खाटेवर आडवा झालो, ती झोपते तसा डाव्या कुशीवर. पाटी डोक्याच्या मागे येत होती. बघायला उठूनच बसावं लागत होतं.

"नाही दिसत," मी सांगितलं.

"मग हलव. रविवारी मला न्यायला येशील, त्याच्या आत हलव."

तिनं फोन ठेवला. मी पाना-पेचकस शोधायला उठलो.